रुखवतातला केरोजेन

“शाले, तुझा केरोजेन एकालाही ओळखू नाही आला, पण आवडला बाई सगळ्यांना!”

वच्छीआत्या माझ्या कानाशी हे पुटपुटली तेव्हा मी होमापुढे बसले होते. भटजी लाह्या टाकायला सांगत होते, धुरानं डोळे चुरचुरत होते आणि मुंडावळ्या नाकावर येऊन गुदगुल्या करत होत्या.

“आवडला म्हणजे? कुठं पाहिला त्यांनी?”

“अगं, रुखवतात मांडला नं मी! अगदी मधोमध. करंज्यांच्या ताटामागे. तुझ्या सासूबाई तर दोनदा येऊन पाहून गेल्या.”

माझ्या ओंजळीतल्या लाह्या होमात पडायच्या त्या नवऱ्याच्या मांडीवर सांडल्या. नवरा म्हणजे श्रीपाद पांढरीपांडे. नुकताच झालेला, अजून कोरा करकरीत.

“सावकाश,” तो हळूच म्हणाला. संसारातला त्याचा पहिला शब्द हा.

“सावकाश कसलं! माझी परीक्षा मांडलीय तिनं रुखवतात!”

“मुली, मंत्र चालू असताना बोलू नये,” भटजी म्हणाले. आणि मग मी सात पावलं चालले ती कोणत्या वचनासाठी चालले हे मला आजतागायत माहीत नाही. माझं सगळं चित्त करंज्यांच्या ताटामागे होतं.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई लग्नात दगडधोंडे घेऊन काय बसली होती.

मी नागपुरात गोतमारे सरांकडे पीएच.डी. करत होते. विषय ऑइल शेल. हा एक काळपट, पापुद्र्यांचा दगड. पेटवला तर जळतो, नीट तापवला तर तेल देतो. आणि गंमत म्हणजे त्यात तेल नसतंच मुळी! त्यात असतो केरोजेन. कोट्यवधी वर्षांपूर्वी तळ्यातलं शेवाळ मेलं, गाळात गाडलं गेलं आणि त्याचं जे काही होऊन बसलं ते हे. मोठं हट्टी प्रकरण. बेंझिनमध्ये टाका, अल्कोहोलमध्ये टाका, काही विरघळायचं नाव नाही. म्हणून आम्ही उलटा धंदा करायचो. केरोजेन हलत नाही ना, मग त्याच्याभोवतीचा दगडच आम्लात विरघळवून टाकायचा. त्यातलं एक आम्ल काचसुद्धा खातं, त्यामुळे सगळी कामं प्लास्टिकच्या डब्यांत. शेवटी तळाशी चिमूटभर काळा भुगा उरायचा. त्या भुग्यात कार्बन किती, हायड्रोजन किती हे मोजायचं आणि मग डोकं खाजवत बसायचं की हे सगळं आत एकमेकांना कसं जोडलेलं असेल.

मी ती रचना कागदावर काढली होती. पण प्रबंध तपासायला होते पुण्याचे डॉ. ताम्हनकर. त्यांचं नाव काढलं की गोतमारे सरसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे. ताम्हनकरांनी कळवलं, “कागदावर काय, कोणीही काहीही काढतं. रेणू उभा करून दाखवावा. त्याशिवाय पदवीची शिफारस करणार नाही.” आणि तोंडी परीक्षेची तारीख दिली ती नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची! पुढची तारीख मागितली तर म्हणाले, सहा महिने वेळ नाही.

इकडे सासूबाई. अन्नपूर्णाबाई पांढरीपांडे. नाव अन्नपूर्णा, पण बोलणं ऐकलं की समोरच्याची भूकच मरायची. लग्न ठरवायला बसलो तेव्हाच त्यांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं होतं, “परीक्षा एकदा देऊ द्या तिला. मी आडवी येणार नाही. पास झाली तर पुढचं पुढे पाहू. नाही झाली तर पुस्तकं माळ्यावर. पुन्हा पुन्हा त्या आम्लाच्या वाफा घ्यायला माझी सून जाणार नाही.” वडिलांनी मान डोलावली. मला कोणी विचारलंच नाही. म्हणजे एकच डाव होता माझ्या हातात. लागला तर लागला.

रेणू उभा करायला विभागात गोळ्या-काड्यांची एक पेटी होती, पण तिच्यातले काळे गोळे कोण कधी घेऊन गेलं देव जाणे. कार्बनच नाही तर केरोजेन कशाचा करायचा? मी शाडूचे गोळे करून पाहिले. ते इतके जड झाले की काड्या वाकल्या आणि सगळा रेणू स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोळण घेऊ लागला. मी रडकुंडीला आले, आणि तेव्हाच वच्छीआत्या आमच्या लग्नघरात आली.

आत्या म्हणजे रुखवतातली पट्टीची बाई. तिनं सजवलेलं नारळांचं नवरा-नवरीचं जोडपं पाहायला मुलाकडची माणसं मुहूर्त विसरायची. साखरेचं तुळशीवृंदावन, मखाण्यांचा हत्ती, सुपाऱ्यांचा बँडबाजा, काय म्हणाल ते तिच्या बोटांत. तिनं माझ्या पडलेल्या रेणूकडे पाहिलं.

“हे काय करून राहिली?”

“केरोजेन आहे आत्या. दगडात असतो.”

“खातात?”

“नाही गं.”

“मग काय उपयोगाचा?”

“तापवला की तेल निघतं त्यातून.”

“तेल तर शेंगदाण्यातूनही निघतं, त्यासाठी एवढं रडावं नाही लागत. बरं, सांग मला कसा आहे तो.”

मी सांगितलं. मध्ये कार्बनची कडी, एकाला एक घट्ट चिकटलेली. ती काही केल्या सुटत नाहीत. आणि त्यांना बाहेरून लोंबणाऱ्या लांब लांब साखळ्या, त्यांच्यावर हायड्रोजनच हायड्रोजन. मधून एखादा ऑक्सिजन. आत कड्यात बसलेला एक नायट्रोजन.

“म्हणजे आपल्या देशकर घराण्यासारखाच की,” आत्या म्हणाली. “मधली म्हातारी माणसं एकमेकांना सोडत नाहीत आणि पोरं बाहेर लोंबतात. थांब, करून देते.”

आणि तिनं केलं हो! मधल्या कड्यांसाठी काळ्या तिळाचे लाडू, चिक्कीच्या गुळाच्या पक्क्या पाकातले. “दगड होतो दगड! गेल्या संक्रांतीला तुझ्या काकांचा दात घेतला या लाडवानं.” काळे तीळ संपले, म्हणून बाहेरच्या साखळ्यांना बिया काढलेला खजूर. हायड्रोजनला पांढरे मखाणे, ऑक्सिजनला पाकातली लाल चेरी आणि तो एकुलता एक नायट्रोजन म्हणजे बर्फीच्या निळ्या रंगात बुडवलेला मखाणा. पाटावर उभा राहिला तेव्हा वीतभर उंच, डौलदार, असा केरोजेन ताम्हनकरांनीही पाहिला नसेल. मी आत्याच्या गळ्यात पडले. मग तो एका खोक्यात घालून, वर चिठ्ठी लावून कार्यालयात नेला. लग्न उरकलं की खोकं माझ्याबरोबर सासरी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच विद्यापीठात, असा माझा बेत.

पण वच्छीआत्यानं आयुष्यात केलेली सगळ्यांत देखणी वस्तू खोक्यात कशी राहणार? तिला राहवेना. तिनं खोकं फोडलं आणि केरोजेन मांडून टाकला. पुढे चिठ्ठीही लिहिली, “वधूने स्वतः शोधलेला.”

जेवणं झाल्यावर मी धावत रुखवताच्या टेबलापाशी गेले, तर टेबल रिकामं. रुखवत टेम्पोत चढून मुलाकडे निघालंही होतं. शेवटी मी सासूबाईंना गाठलं.

“आई, रुखवतातली एक वस्तू माझी आहे. म्हणजे माझ्या परीक्षेची. ती परत…”

“परत?” त्यांनी भुवया वर नेल्या. “रुखवत कधी परत जातं का? अपशकुन करतेस की काय पहिल्याच दिवशी?”

“नाही, उद्या सकाळी फक्त विद्यापीठात न्यायची आहे.”

“मग माझ्या घरूनच ने नं. तुझंच घर आहे आता. त्यासाठी एवढं धापा टाकत काहून आलीस?”

बोलणं खरं होतं, पण त्या ते तोंड फारसं न उघडता बोलल्या. तसं त्या दिवशी सगळंच त्या ओठ मिटून करत होत्या. पंगतीत जिलबीला हात लावला नाही, मठ्ठ्यात कालवलेले भाताचे दोन घास घेतले आणि उठल्या. आत्या माझ्या कानाशी लागली. “व्याहीण रुसली वाटतं गं! आपलं काय चुकलं?” मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी गृहप्रवेश झाला. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटावर माझा केरोजेन अगदी ऐटीत बसला होता. नणंदेची दोन मुलं, बंड्या आणि छबी, तोंडात बोट घालून त्याच्याकडे बघत उभी होती.

“याला हात लावायचा नाही हं,” मी लाडीगोडीनं म्हटलं.

“हे किल्ला आहे का मामी?” बंड्यानं विचारलं.

“नाही रे, हा केरोजेन.”

“मग मखाणे काहून लावले त्याला?”

मी काही सांगणार, तोच आतून सासूबाईंचा आवाज आला. “पोरांनो, त्याला बोट जरी लावलं तर तंगडी मोडीन! उद्या संध्याकाळी सत्यनारायण आहे, तोवर घरात वांधे नको मला. माझा दिवसभर उपास आहे.” मला हायसं वाटलं. एवढा कडक पहारा असल्यावर केरोजेनला काय धाड भरलीय, अशा विश्वासानं मी झोपी गेले.

सकाळी उठून, न्हाऊन, दिवाणखान्यात येऊन पाहते तर काय!

कपाटावर केरोजेन नव्हताच. म्हणजे होता, पण टक्कल पडलेला. बाहेरच्या साखळ्या गायब. एक मखाणा नाही, एक चेरी नाही, खजुराचा मागमूस नाही. मध्ये तेवढी काळ्या लाडवांची कडी एकमेकांना बिलगून बसलेली आणि भोवती सगळीकडे नुसत्या काड्या! मी मटकन खालीच बसले. हुंदका फुटला तो अख्ख्या घराला ऐकू गेला.

घर जमा झालं. सासूबाई आतून आल्या, तोंडावर पदर धरलेला. त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बंड्याच्या पाठीत धपाटा घातला.

“खाल्लं नं शेवटी! सांगितलं होतं की नाही?”

“आम्ही नाही खाल्लं आजी!”

“मग काय उंदरांनी खाल्लं?”

“खरंच नाही!” छबी रडायला लागली. “हे बघ, जीभ बघ आमची!” दोघांनी जिभा बाहेर काढून दाखवल्या. गुलाबी गुलाबी. मी तेव्हा इतकी बुडालेली होते की मला त्या जिभांचा अर्थ काही कळला नाही.

श्रीपाद माझ्याजवळ बसला. “पुन्हा करता येईल?”

“आत्या रात्रीच वर्ध्याला गेली. आणि वेळ कुठं आहे? गेलं सगळं. पुस्तकं माळ्यावर, दुसरं काय?” मी सगळ्यांसमोर म्हणून टाकलं. सासूबाईंनी तोंडावरचा पदर आणखी घट्ट धरला. मग एकदम म्हणाल्या, “ऊठ. रडून काय होतं? जसा आहे तसा घे तो. मी येते तुझ्यासोबत.”

“तुम्ही? विद्यापीठात?”

“काहून, तिथं बायकांना मज्जाव आहे का? श्रीपाद, रिक्षा आण.”

अशी आमची वरात निघाली. मी हिरव्या चुड्यात, हळदीच्या हातांनी प्रबंध धरलेली, आणि शेजारी सासूबाई, टक्कल पडलेला रेणू मांडीवर घेऊन. रस्त्यात खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी त्याला कवटाळायच्या. पण तोंडावरचा पदर काही सुटला नाही. मी म्हटलं, “आई, बरं नाही का वाटत?” त्यांनी नुसती मान हलवली.

विभागात गोतमारे सर दारातच उभे होते. त्यांनी मला पाहिलं, सासूबाईंना पाहिलं, मग रेणूला पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

“शालिनी, हायड्रोजन कुठे आहेत?”

“खाल्ले सर.”

“कोणी?”

“घरच्या मुलांनी.”

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मला आत सोडलं.

डॉ. ताम्हनकर बुटके, गोरेपान, काड्यांच्या चष्म्याचे. समोर प्रबंध उघडा होता आणि त्यात तांबड्या शाईच्या खुणा. मागच्या बाकांवर विभागातली मंडळी आणि कोपऱ्यात सासूबाई. मी पाट टेबलावर ठेवला. ताम्हनकरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“नागपूरला नमुना असाच करतात का?”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. माफी मागायची, दिवस मागून घ्यायचा आणि ते नाही म्हणतील तेव्हा गुपचूप घरी जायचं, एवढंच मनात होतं. तोंड उघडण्याआधी मी एकदा त्या बिचाऱ्या केरोजेनकडे पाहिलं. त्याच वेळी खरं तर मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. सकाळी डोळ्यांत नुसतं पाणी होतं. आता दिसलं की कोणी त्याची मोडतोड केलेली नाही. बाहेरच्या साखळ्या तेवढ्या गेल्या आहेत, टोकापासून एकेक करत. चेऱ्या गेल्या, मखाणे गेले. आणि आतली कडी जागची हललेली नाहीत. बाई गं, म्हटलं, हे चित्र तर मी आयुष्यात कुठंतरी पाहिलंय! माझ्याच प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात!

“सर, हा तापलेला आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“काल होता तो कच्चा केरोजेन. आमच्या ऑइल शेलमधला, न तापलेला. साखळ्या होत्या, हायड्रोजन भरपूर होता, कार्बनच्या दीडपट. आज तोच तापल्यावरचा आहे. खडक जमिनीत खोल दबला आणि तापू लागला की केरोजेनमधलं जे सैल बांधलेलं असतं ते आधी सुटतं. टोकाच्या साखळ्या तुटतात, ऑक्सिजन सुटतो, हायड्रोजन सुटतो. त्याचंच पाणी होतं, तेल होतं, वायू होतो, आणि निघून जातं. मधली कडी मात्र एकमेकांना सोडत नाहीत. शेवटी हे असं काळं, टणक उरतं. यातून आता कितीही तापवलं तरी तेल निघायचं नाही.”

ताम्हनकर पुढे वाकले. त्यांनी एका लाडवाला बोटानं टिचकी मारली. लाडू हलला नाही.

“बोलायला छान आहे,” ते म्हणाले. “पण दारातलं तुमचं बोलणं मी ऐकलंय, घरच्या मुलांनी खाल्लं म्हणून. मूल काय हाताला लागेल ते खातं. त्याला सैल काय, घट्ट काय! यात नियम कुठं आला? हा निव्वळ योगायोग, आणि योगायोगावर मी पदवी देत नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी खाली पाहिलं, चुड्यातली एक बांगडी उगाच फिरवत राहिले, आणि मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

“साहेब, पोरांनी नाही खाल्लं.”

सगळ्यांनी माना वळवल्या. अन्नपूर्णाबाई पांढरीपांडे उभ्या होत्या. पदर आता तोंडावर नव्हता.

“मी खाल्लं.”

“आई!” मी म्हणाले.

“गप बस तू. मला सांगू दे. साहेब, लग्नाआधी मी नवी कवळी करून घेतली. वरमायनं बोळकं घेऊन मिरवायचं का? पण त्या मेल्या कवळीनं हिरड्या अशा सोलल्या की काल दिवसभर माझ्या पोटात अन्न नाही. सांगणार कोणाला? लोक म्हणतील, मुलाची आई लग्नात दात काढून बसली. आणि आज सत्यनारायणाचा उपास. पहाटे उठले तर डोळ्यांपुढे अंधारी. समोर हे मखाणे! एक घेतला. मग खजूर दिसला. उपासाला चालतो नं? मग थांबता नाही आलं मला.”

बोलताना त्यांची जीभ दिसत होती. निळी! अगदी निळीशार, जांभळीकडे झुकणारी. माझा एकुलता एक नायट्रोजन त्या जिभेवर बसला होता. गोतमारे सरांनी रुमाल तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते.

ताम्हनकर मात्र हसले नाहीत. ते उठून सासूबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

“बाई, एक विचारतो. आधी काय खाल्लं?”

“टोकाचं. जे ओढताच हातात आलं ते.”

“आणि हे लाडू का नाही खाल्ले?”

“खाल्ले नाहीत? प्रयत्न केला की! पण तो पाक का दगड! कवळी मोडली असती माझी. काढूही नाही शकले एकमेकांपासून. पोरं असती तर त्यांनी सगळं पाडून, फोडून, चघळून टाकलं असतं. मी म्हातारी. जे सहज सुटलं तेवढंच घेतलं.”

“जे सहज सुटलं तेवढंच घेतलं,” ताम्हनकर पुन्हा म्हणाले आणि मग त्यांना हसू आलं. असं आलं की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “गोतमारे, तीस वर्षं मी मुलांना हे शिकवतो, इतकं सोपं करून मला नाही सांगता आलं! उष्णता हेच करते हो. बाईंना दात नाहीत, म्हणून त्यांचा नियम पक्का.” ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले, पेन उघडलं, आणि पुणेकर तो पुणेकरच, चेहरा गंभीर करून म्हणाले, “एक चूक मात्र आहे. नायट्रोजन इतक्या लवकर सुटत नाही. तो कड्यात बसलेला असतो. बाईंनी तो घाईनं खाल्ला.”

“रंग छान होता, साहेब,” सासूबाई म्हणाल्या.

ताम्हनकरांनी शिफारस तिथंच लिहिली. वर म्हणाले, कच्चा आणि तापलेला असे दोन्ही केरोजेन शेजारी ठेवून पुढचं काम करा, टप्प्याटप्प्यानं तापवून पाहा, गोतमारेंकडेच जागा आहे, मी शब्द टाकतो. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, “माझ्या नको, त्यांच्या पडा.”

परतताना रिक्षात सासूबाईंनी पदर घेतला नाही. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. या बाईनं आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. घरी कोणाला कळलंही नसतं, बंड्या-छबीवर ढकलून मोकळ्या झाल्या होत्या. आणि तरी भरल्या सभेत जीभ दाखवून आल्या, तीही निळ्या रंगाची!

“पास झाली तर पुढचं पुढे पाहू, असं म्हणाली होती मी,” त्या अचानक म्हणाल्या.

“हो आई.”

“मग पाहिलं मी. कर तू पुढचं.” आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “भाऊ, इतवारीत थांबव जरा. मखाणे घ्यायचे आहेत. आणि खजूर, चेऱ्या, काळे तीळ.”

“आत्ता काहून आई?”

“तो कच्चा पुन्हा उभा नाही करायचा का? माझ्या घरी आलेलं रुखवत अर्धं दिसता कामा नये. आणि थोडं जास्तच घेऊ.” मग जरा थांबून, “बंड्यालाही एक चेरी देऊ. धपाटा उगाच खाल्ला पोरानं.”

संध्याकाळी सत्यनारायणाला आळी लोटली. कपाटावर आता दोन केरोजेन होते. एक नवा, मखाण्यांनी डवरलेला, माझ्या आणि श्रीपादच्या हातचा, म्हणून जरा तिरका. दुसरा तो काळा, बोडका. बायका प्रसादाचा द्रोण हातात घेऊन त्यांच्यापुढे थबकत होत्या. शेवटी शेजारच्या मोहरीलकाकूंनी विचारलंच, “अन्नपूर्णाबाई, हे काय हो मांडलंय?”

सासूबाईंनी तोंडातला शिऱ्याचा घास सावकाश गिळला. कवळी काढून ठेवलेली होती आणि आता त्याची त्यांना काही लाज नव्हती.

“हा केरोजेन,” त्या म्हणाल्या. “दगडात असतो. कशात म्हणजे कशातच विरघळत नाही. आम्ही दोघी त्यावर काम करतो, माझी सून आणि मी.”

“अगं बाई! तुम्ही? तुम्ही काय करता त्यात?”

“ती बांधते,” सासूबाई म्हणाल्या, “आणि मी तापवते.”